खंडेनवमीचा खटका

(खंडेनवमीची दुपार. शहापुरातलं विणकराचं घर. माधवीचा फोन स्पीकरवर, शेजारी तिचे वडील आप्पा. पलीकडे निपाणीहून विनय, तिच्याबरोबर शिकलेला. डिझाइनचा कम्प्युटर त्यानंच बसवून दिलेला.)

माधवी : काळाच आहे पडदा. एक बारकी रेघ लुकलुकतीय नुसती. तीनदा चालू करून बघितला रं.

विनय : चौथ्यांदा करू नको. स्वल्प तडी, जरा थांब. सकाळी काय केलंस त्याच्यावर? खरं सांग.

माधवी : अपडेट आलतं. हो म्हटलं आणि जरी आणायला खडेबाजारात गेलते.

विनय : कामाच्या आदल्या दिवशी अपडेट? तुला हजारदा सांगितलंय मी...

माधवी : हजारदा न्हाय, एकदा. तेपण जिना उतरता उतरता. आपोआप येणारी अपडेट बंद करून देतो म्हणालास. दोन महिने झाले, तुझा पत्ता न्हाय.

विनय : व्हय. ते माझं चुकलं.

माधवी : चुकलं राहू दे, आता चालू कर. उद्या दसऱ्याला मागावर ह्यात काढलेला माझा साडीचा पदर चढला न्हाय तर आप्पा माग मोडीत काढणार. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय त्यांनी.

आप्पा : तिच्यासमोरच सांगितलंय. चोरून न्हाय.

विनय : आप्पा हितंच हाईत? नमस्कार आप्पा.

आप्पा : नमस्कार बाबा. बघ काय हुतंय ते. न्हायतर सणासुदीला तोंड फुगवून बसंल ही.

विनय : माधवी, अपडेट चालू असताना मधेच लाईट गेलती?

माधवी : न्हाय. गल्लीत कुणाचीच गेली न्हाय.

आप्पा : लाईट न्हाय गेली. मेनचा खटका मी पाडला.

माधवी : काय?

आप्पा : पूजेला. दर वर्सी पाडतोय न्हवं? चालत्या मशिनीला कुंकू लावत न्हाईत.

माधवी : अहो, पण पडद्यावर लिहिलं होतं की, बंद करू नका म्हणून!

आप्पा : इंग्लिशमधी लिवलंतं.

माधवी : मुद्दाम केलंसा तुम्ही. माग विकायचाच आहे तुम्हाला. मी तीन महिने डोळे फोडून काढलाय तो पदर, आणि तुम्ही एका खटक्यात...

विनय : माधवी, अगं...

आप्पा : बोलू दे तिला. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापातूर हलवत न्हाईत, हे तिला ठावं हाय. तरी तीनदा चालू केलं तिनं. मी बोललो काय?

विनय : भांडण मागनं करा. मला कळलं काय झालंय ते. नवं कर्नल बसलं, म्हणजे आतला मूळ सांगाडाच बदलला. त्याच्या मापाचा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा भाग, तयार व्हायच्या आधी खटका पडला. म्हणून पडदा काळा.

आप्पा : म्हंजे काय?

विनय : आप्पा, माग नवा आणला आणि फणी जुन्या मापाची ठेवली तर?

आप्पा : बसायचीच न्हाय. नवी करून घ्यावी लागती. तोवर जुन्या मागावर इणायचं.

विनय : तेच करायचं. जुनं कर्नल आत शिल्लक हाय. माधवी, बंद करून परत चालू कर, आणि लगेच एस्केपचं बटण दाबत राहा.

माधवी : बंद केला. चालू करते आता.

आप्पा : थांब. त्याच्यावरचं फूल मी काढतो. मी ठेवलंय, मीच काढायला पायजे. हं, लाव आता. फोन हिकडं दे, मी धरतो.

माधवी : यादी आली.

विनय : दुसरी ओळ, अ‍ॅडव्हान्स्ड. त्यात जा. आकडा लहान असलेलं जुनं. ते निवड.

माधवी : अक्षरं धावायला लागली. थांबली. विनय, परत काळं झालं रं.

विनय : घाबरू नको. थोडा दम धर.

माधवी : संपलं सगळं.

आप्पा : गप. बघ की.

माधवी : आलं! विनय, आलं! पदर आहे. केवड्याची पानं, काठ, सगळं आहे.

विनय : अय्यो, देवा! आता पदर पहिला पेनड्राईव्हवर घे. अपडेट विचारलं तर न्हाय म्हण. नवा ड्रायव्हर परवा मी येऊन बसवतो. ह्या खेपेला खरंच येतो.

माधवी : परवा इथं माग असला तर ये.

विनय : ठेवतो आप्पा.

आप्पा : ठेव बाबा.

माधवी : आप्पा, कम्प्युटरला कुंकू कशाला लावलंत? खेळणं म्हणता ना ह्याला?

आप्पा : म्हणतो. मागाला लावलं, कात्रीला लावलं. त्यो एकटाच कोरा दिसाय लागला.

माधवी : मी मुद्दाम म्हणाले ते... चुकलं माझं. लई चुकलं.

आप्पा : लागलं मला ते.

माधवी : आणि भंगारवाला?

आप्पा : उद्या पदर कसा पडतोय ते बघू आदी.

माधवी : बरं.

आप्पा : आन् ह्या कम्प्युटरचा खटका येगळा करून घे. त्याच्यावर मराठीत लिहून चिकटव. पुढल्या खंडेनवमीला मला वाचता आलं पायजे.