टेपखालचा दिवा

(उरवड्याच्या रस्त्यावरचं गॅरेज. जुनी पिकअप. रिहे गावचे शेतकरी गेणबा, त्यांची सून रेश्मा आणि मिस्त्री दयानंद.)

गेणबा : त्यो बल्बच काढून टाक म्हंतो मी. मिटली कटकट.

दयानंद : बल्ब काढला तर दिवा जाईल आबा, बिघाड तसाच राहील. एअरबॅगचा दिवा आहे हा. मीटरवर ही काळी टेप कुणी चिकटवली?

गेणबा : म्या. गेल्या दसऱ्यापासनं पेटून बसलाय. डोळ्यांत खुपायचा.

रेश्मा : दादा, तुम्ही नीट बघाच. सोमवारपासनं महाळुंग्याच्या सोसायट्यांत भाजी घेऊन मी जाणार. लायसन आलंय माझं.

दयानंद : वायरी बघितल्या, ताई. स्टीअरिंगपण ठीक आहे. मशीन लावलं, तर एअरबॅगचा बॉक्स उत्तरच देत नाही. पुढचा पत्रा नवीन दिसतोय. ठोकली होती का?

गेणबा : माघात. वडाला धडकली. माझा पोरगा माऊली गेला त्यात. हिचा मालक. लई बेफाम चालवायचा. किती येळा सांगितलं, पर ऐकतोय कुटं!

रेश्मा : बेफाम न्हाई चालवायचे ते.

गेणबा : मग वड काय चालत आला व्हता?

रेश्मा : म्हैस आडवी आली, आबा. किती वेळा सांगू?

दयानंद : आणि एअरबॅग? अपघातानंतर नव्या टाकल्या?

रेश्मा : जुन्याच हायेत. फुगल्याच न्हाईत. पट्टा लावला होता त्यांनी, तरी छाती स्टीअरिंगवर...

दयानंद : राहू द्या, ताई. गिअरपाशी खोलून बघतो. बॉक्स तिथंच असतो, खाली फरशीवर.

गेणबा : कशाला एवढी खोलाखोली?

दयानंद : हे बघा. पिना पार हिरव्या पडल्यात, आतून गंजलंय. पाणी गेलंय यात. पुरात सापडली होती का?

गेणबा : आमच्याकडं कुटला पूर?

दयानंद : मग आतून कुणी पाइप मारला?

रेश्मा : मी.

गेणबा : काय?

रेश्मा : मी धुतली, दादा. मला ठाऊक नव्हतं.

गेणबा : खोटं नगं बोलू, पोरी. मिस्त्री, म्या धुतली. खंडेनवमीला. गाडीची पूजा करायची, तर आतबाहेर धुवावी म्हनलं. हिरीवरची मोटार लावली, दारं उघडली आन् धार सोडली आत.

रेश्मा : ते ओरडत होते, आबा, आत पाइप नको. ओल्या फडक्यानं पुसतो म्हणाले.

गेणबा : व्हय. म्या म्हनलं, देवाचं काम हाय, फडकं कसलं मारतुयास. दुसऱ्या दिशी दिवा लागला. दाखवून येतो म्हनला, तर म्हनलं, गाडी पळतीया न्हवं? आन् टेप लावली. मिस्त्री, त्यो बॉक्स चांगला असता तर?

दयानंद : आबा, त्याचं आता...

गेणबा : इचारतोय ते सांग.

दयानंद : समोरून एवढी धडक बसल्यावर फुगायला हव्या होत्या.

गेणबा : वाचला असता?

दयानंद : खात्रीनं नाही सांगता येत. पण छातीला एवढं लागलं नसतं.

रेश्मा : आबा, बसा. हितं बाकड्यावर बसा.

गेणबा : तू कशाला अंगावर घेतलंस?

रेश्मा : परक्या माणसासमोर तुम्हाला काय बोलू? पण घरी बोलणार हाय. चार म्हैने झाले, तुम्ही गावभर सांगताय, पोरगा बेफाम होता म्हणून. दोन लेकरं ऐकतात ते. शाळेत त्यांना बोलतात. मी रोज गिळून गप बसले.

गेणबा : उद्या देवळात सांगतो समद्यांना.

रेश्मा : देवळात नको. आधी लेकरांना सांगा. आज.

गेणबा : सांगतो.

रेश्मा : दादा, नवा बॉक्स टाका. आन् ती टेप काढा.

दयानंद : काढली, ताई.

गेणबा : रेश्मा...

रेश्मा : काय?

गेणबा : त्याला कायबी व्हऊ न्हाई, म्हनूनच धुतली व्हती गं.