उत्तरेकडच्या उतारावरची खर्चुडी

दि. ७ जून २००७

मी, उम्मेहानी जावेद मुजावर, वय ५९ वर्षे, धंदा प्राध्यापकी (वनस्पतिशास्त्र), राहणार घोरपडी पेठ, पुणे. आज रोजी स्वतः ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

वाघोलीच्या पुढे गावच्या गायरानात एक लहान टेकडी आहे. तिथे खर्चुडीची एक दुर्मीळ जात उगवते. मी बरीच वर्षे तिचा अभ्यास करीत आहे. हिचा कंद जमिनीत असतो. पावसाळ्यात वेल वर येतो, कंदिलासारखी फुले धरतो आणि दिवाळीच्या आसपास वाळून जातो. उन्हाळ्यात वर दगड आणि कुसळे सोडून काही दिसत नाही. ग्रामपंचायतीच्या परवानगीने आम्ही दक्षिणेकडच्या उताराला तारेचे कुंपण घातले होते व पाटी लावली होती. पाटी पुण्यात कोणी वाचत नाही, तर तिथे कोण वाचणार.

मंगळवारी सकाळी मी टेकडीवर गेले. कुंपणाची तार काढून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली होती. आतल्या उतारावर जेसीबीने चर खणून, बाहेरून आणलेली माती भरून ग्लिरिसिडियाची रोपे ओळीने लावली होती. खर्चुडीचे कंद चरांच्या कडेला उन्हात पडले होते. काही चिरडलेले, बाकीचे वाळून सुरकुतलेले. मी हाताला लागले तेवढे ओढणीत गोळा केले. एकही जगण्यासारखा नव्हता. वर जायच्या वाटेवर नवी पाटी होती, तिच्यावर ‘मुजावर मॅडम वनराई’ असे लिहिले होते. ते वाचून मी तिथेच खाली बसले व रडले. हे जबाबात नको असेल तर काढावे.

पाटीच्या खाली एका सॉफ्टवेअर कंपनीचे नाव होते. त्या कंपनीत प्रज्ञेश रतन ओव्हाळ, वय ३१, राहणार हडपसर, हा नोकरीस आहे. तो माझा विद्यार्थी. बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटरकडे गेला, तेव्हा सगळेच जात होते. मी फोन केला तसा तो ऑफिस सोडून मोटरसायकलवर आला. येताना पेढे घेऊन आला. मी आभार मानायला बोलावले आहे असे त्याला वाटले होते.

त्याच्याकडून समजले ते असे. मी यंदा निवृत्त होणार म्हणून कंपनीच्या पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमासाठी त्याने ‘मॅडमची टेकडी’ सुचवली. कुंपण आहे आणि आत एकही झाड नाही, म्हणजे मॅडमची रोपे जगली नाहीत, असा त्याचा समज झाला. मला अचानक दाखवायचे म्हणून विचारले नाही. रविवारी कंपनीची माणसे टोप्या घालून आली, फोटो काढले, नाश्ता केला व गेली. मी ओढणीची गाठ सोडून त्याला कंद दाखवले. त्याने ओळखले. पेढ्यांचा बॉक्स त्याने परत पिशवीत घातला.

हवालदार सीताराम भोईटे यांचे म्हणणे पडले, की बाई, झाडे तोडल्याच्या तक्रारी येतात, झाडे लावल्याची ही पहिलीच. त्यांनी असेही विचारले, की कॉलेजात तुमच्या कुंड्यांत आहे ना ही वेल, मग तीच परत लावा की. त्यावर सांगते, की कुंड्यांत आहे. पण ती सगळी एकाच कंदाच्या तुकड्यांतून वाढवलेली आहे. या जातीत स्वतःच्याच परागाने बी धरत नाही, दुसऱ्या वेलाचा पराग लागतो. सगळी भावंडेच घरात, तर सोयरीक कुणाशी करायची? पाणी घालू तोवर कुंड्यांना फुले येतील. शेंग येणार नाही. वेगवेगळ्या रक्ताचे वेल या टेकडीवर होते, म्हणून तिथे बी धरत होते. आमच्या माहितीत दुसरीकडे कुठेही नाहीत.

उत्तरेकडचा उतार अद्याप खणलेला नाही. तिथे कुंपण नव्हते व आम्ही तिथे नीट शोधही घेतलेला नाही. काही वेल असू शकतील. आहेत की नाहीत, ते पाऊस पडून कोंब वर आल्याशिवाय कळणार नाही. येत्या रविवारी कंपनी तो उतार खणणार आहे. प्रज्ञेशने वरिष्ठांना थांबवून पाहिले. पाहुणे ठरले आहेत, पोलिसांत तक्रार वगैरे असेल तर बघू, असे उत्तर मिळाले.

अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली तर चौकशीला वेळ लागेल, नाव दिले तर उद्याच बोलावून काम थांबवता येईल, असे मला ठाण्यात सांगण्यात आले. झाडे लावण्यासाठी ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जावर सही प्रज्ञेशची आहे. ऑगस्टमध्ये कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार आहे, व्हिसाचे काम चालू आहे. पोलिसांत नाव गेले तर ते अडकेल, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. तो आत्ता बाहेर बाकावर बसला आहे. मी त्याला म्हटले, अरे, उत्तरेला काहीच नसेल तर तुझे नाव फुकट जाईल. तो म्हणाला, “मॅडम, माझं नाव द्या. नसलं तर नसलं, पण बघायला तरी मिळेल.”

मला त्याचा राग आलेला नाही. आला असता तर हे सोपे गेले असते.

तरी कुंपण काढून संशोधनाच्या वनस्पती नष्ट केल्याबद्दल माझी प्रज्ञेश रतन ओव्हाळ याच्याविरुद्ध तक्रार आहे. उत्तरेकडचे खोदकाम थांबवावे, ही विनंती.

भोईटे यांनी जबाब मला वाचून दाखवला. त्यात ‘तो माझा विद्यार्थी’ एवढे राहून गेले होते. तक्रारीत त्याची गरज नाही, असे ते म्हणाले. माझ्या आग्रहावरून ते पुन्हा घातले. आता मी सांगितले तसेच सर्व लिहिलेले आहे, म्हणून सही करते.