हिरव्या डिस्कची पोच

जबाब देणार: नाव व पत्ता वरील रकान्यात लिहिल्याप्रमाणे. वय ४६ वर्षे. व्यवसाय: कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात संगणक विभाग सांभाळणे. विभागात मी एकटाच.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी सदर कारखान्यात एकोणीस वर्षे नोकरीस आहे. पाय बसवून घेणाऱ्या प्रत्येकाची मापे आमच्या सर्व्हरवर असतात. साचा त्या मापांवरून होतो, अंदाजाने होत नाही. घटनेच्या दिवशी सर्व्हरवर ३१८ जणांची मापे होती.

सोमवारी सकाळी ९.१० वाजता मी सर्व्हर सुरू केला. एकही फाइल उघडेना. पडद्यावर, पैसे भरल्यास कुलूप काढू, असा मजकूर होता. भाषा नम्र होती. मी तारा काढल्या व मालकीणबाईंना कळवले. त्या म्हणाल्या, "बॅकअप आहे ना?" मी हो म्हणालो.

बॅकअपची पद्धत अशी. लाल व हिरवी अशा दोन डिस्क आहेत. दर शुक्रवारी एकीवर सर्व्हरची नक्कल काढून ती घरी न्यायची, घरची परत आणायची. कारखान्यात काहीही झाले तरी एक प्रत बाहेर शाबूत राहते. घरी डिस्क माझे वडील, म्हणजे अण्णा, ताब्यात घेत. ते गोदामपाल म्हणून निवृत्त झाले होते. वहीत तारीख, रंग व "मिळाली" असे लिहून सही करत, मगच डिस्क कपाटात ठेवत. परत देताना "दिली" लिहून पुन्हा सही. मी एकदा म्हणालो, "अण्णा, घरच्या घरी सही कशाला?" ते म्हणाले, "सही नाही तर वस्तू आलीच नाही. आणि आलीच नाही ती जाणार कशी?" अकरा वर्षांत एकही शुक्रवार चुकला नाही.

अण्णा चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी वारले. त्यानंतर घरी डिस्क घेणारे कोणी नव्हते. हिरवी डिस्क कपाटातच राहिली. लाल डिस्क मी सर्व्हरला कायमची जोडून ठेवली. असे सतरा आठवडे चालले. सर्व्हरला कुलूप लागले तेव्हा त्याला जोडलेल्या लाल डिस्कलाही लागले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. हे मला कळत नव्हते असे नाही, याच कामाचा मला पगार मिळतो.

मालकीणबाई म्हणाल्या, "मग घरची आणा." मी ती बुधवारी आणली. सोमवारी का नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, अण्णांचे कपाट उघडावे लागणार होते. किल्ली सापडत नव्हती काय, असे विचारता, किल्ली माझ्या खिशात होती.

हिरव्या डिस्कवरून २५७ जणांची मापे परत मिळाली. नंतरच्या ६१ जणांना पुन्हा बोलवावे लागेल. त्यांना फोन मीच करतो आहे. एक बाई मापासाठी पाच तासांचा प्रवास करून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाय तर गेलाच, आता मापही गेलं का?" मी हो म्हणालो. मग त्याच म्हणाल्या, "बरं, येते पुन्हा. तुम्ही जेवलात का?"

कुलूप कोणी लावले ते मला माहीत नाही. माझा कोणावर संशय नाही. लाल डिस्क तपासासाठी हजर करतो. अण्णांची वहीही आणली आहे. तिची छायाप्रत घ्यावी व मूळ वही आजच परत मिळावी.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. ऐकून एक दुरुस्ती सांगतो. "घरी डिस्क घेणारे कोणी नव्हते" हे वाक्य खरे नाही. मी कामावर परत गेलो त्या पहिल्या शुक्रवारी पत्नी वही घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "आणलीस का? दे, अण्णांसारखी मी सही करते." मी विसरलो म्हणालो. विसरलो नव्हतो, लाल डिस्क पिशवीत होती. अण्णांच्या सहीखाली दुसरी सही मला पाहवली नसती. पत्नीने सतराही शुक्रवारी विचारले. परवा बुधवारी हिरवी डिस्क नेताना "दिली" लिहून तिनेच सही केली. तिने ती अण्णांच्या सहीपासून एक ओळ सोडून केली आहे. एवढी दुरुस्ती धरून बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.