खालची डावी फांदी

…आणि वर तो रोपवाटिकेवाला मलाच विचारतो, "काका, पाणी कोण घालतं?" आता तुम्हीच सांगा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हा प्रश्न घरच्यांसमोर विचारावा? पाणी मी घातलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुमच्या मनात किल्मिष नको.

झाड दादाचं. माझा थोरला भाऊ, चार महिन्यांपूर्वी गेला. मागे ठेवलं ते हे हातभर उंचीचं बोन्साय. बत्तीस वर्षं उथळ कुंडीत वाढवलेलं… किंवा वाढू न दिलेलं म्हणा. कुंडीच्या कडेवर पांढरा ठिपका. रोज सकाळी दादा पाणी घालायचा आणि त्या ठिपक्याच्या अंदाजानं कुंडी पाव वळसा फिरवायचा, का, तर ऊन सगळ्या बाजूंना सारखं मिळावं. एकदा मी फिरवली, तर म्हणाला, "ठेव. तुझा हात जड आहे." कुंडीच कशाला, लहानपणी माझ्या वह्यांना कव्हरंसुद्धा तोच घालायचा.

पण जाण्याआधी त्यानं मला एकट्याला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "ही खालची डावी फांदी म्हणजे तू. जप."

आणि दादा गेल्यावर महिन्याभरात वाळायला लागली ती नेमकी तीच फांदी! आधी पानांची टोकं तपकिरी, मग कडा, मग पानंच गळाली, आणि मग काडी शेंड्याकडून खोडाकडे सुकत निघाली, रोज एवढी एवढी, जणू कोणी सावकाश चालत घराकडे येतंय. आता देह नश्वर आहे हे मी रोज सकाळी पोथीत वाचतो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचतो. पण पोथीतला देह वेगळा आणि आपला वेगळा, हो की नाही? त्यातच माझ्या डाव्या हाताची करंगळी बधिर झाली. बायकोला म्हटलं, तर म्हणे, "अहो, हातावर झोपता तुम्ही." म्हणताना ती स्वतःचा डावा गुडघा चोळत होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

पाणी मी घातलेलं नाही. म्हणजे, त्या फांदीच्या बुडाशी रोज एक पेला… पण त्याला काय पाणी घालणं म्हणतात?

तर तो रोपवाटिकेवाला आला. पान उलटंपालटं केलं, भिंग लावलं. "कीड नाही." माती बोटावर घेऊन हुंगली. "कुजल्याचा वास येतोय." मग झाड अलगद उचललं आणि दाखवलं, डावीकडची मुळं काळी पडून लिबलिबीत झालेली आणि बाकीची ठणठणीत. म्हणाला, "कोणीतरी रोज इथंच पाणी ओततंय. भरपूर. काका, कोण घालतं?"

मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात वहिनी, म्हणजे दादाची बायको, पदराशी चाळा करत म्हणाली, "मी थोडंसं घालते हो. ती फांदी माझी ना. जाताना हे मला एकटीला म्हणाले होते."

"काय सांगतेस आई?" तिचा मुलगा, माझा पुतण्या. "ती माझी आहे. बाबांनी मला एकट्याला सांगितलंय."

आणि आमची ही! बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्यापासून काही लपवलं नाही म्हणणारी, खाली मान घालून म्हणते, "भावजी मलापण…"

चार माणसं, एक फांदी, रोज चार पेले. आणि दुखणीही चार: वहिनीचा डावा कान, पुतण्याचा डावा खांदा, हिचा गुडघा, माझी करंगळी. आम्ही एकमेकांकडे असे पाहत राहिलो, जणू आत्ताच ओळख झाली.

रोपवाटिकेवाला म्हणाला, "मेलेलं कापायला हवं, नाहीतर सुकवा खोडात उतरेल." नखानं साल खरवडत तो शेंड्याकडून मागे मागे आला. तपकिरी… तपकिरी… तपकिरी… खोडापासून दोन बोटांवर हिरवं लागलं. तिथं कात्री लावली. पांढऱ्या चिकाचा थेंब आला आणि चौघांनीही आपापली डावी बाजू धरली.

"आठवडाभर पाणी बंद," तो बजावून गेला. मोह नको म्हणून आम्ही चौघं माझ्या लेकीकडे जाऊन राहिलो. तीन दिवस. घराला कुलूप, किल्ल्या दोन, दोन्ही माझ्या पिशवीत. निघताना ठिपका खिडकीकडे होता, मी स्वतः पाहिला.

परत आलो तर माती ओली. डावीकडेच नाही, सगळीकडे, सारखी. आणि ठिपका? खिडकीपासून पाऊण वळसा पुढे. तीन दिवस, तीन पाव. वहिनीनं जाऊन दादाची खुर्ची पुसली.

आणि खरं सांगतो, माझी करंगळी शुद्धीवर आली होती.

रोपवाटिकेवाला पुन्हा आला, मातीत बोट घातलं आणि खूश. "वा, आता जमलं! हवं तेवढंच पाणी. बघा, कापल्या जागी कोंब. काका, कोण घालतं?"

पाणी मी घातलेलं नाही. या खेपेला शपथेवर सांगतो. कुंडीजवळ जायची माझी छातीच होत नाही. सकाळी लांबूनच हात जोडतो, पोथी हळू आवाजात वाचतो.

दादानं जन्मभर मला एक काम पुरतं करू दिलं नाही. वाटलं होतं, गेल्यावर तरी एवढं एक झाड माझ्याकडे सोपवेल.