चार शिट्ट्यांचं धण्यांचं पाणी

"आयुर्वेद म्हणजे निव्वळ थोतांड हाय!" निपाणीच्या वैद्यबाईंच्या दवाखान्यात उभं राहून कुंथुनाथआप्पांनी जाहीर केलं आणि आंबट ढेकर आला म्हणून ते लगेच खाली बसले. शेजारी गुडघा चोळत बसलेल्या नागेंद्र मास्तरांनी चोळणं थांबवून कान टवकारले.

"हळू बोला की. आत बाईंना ऐकू जातंय," आप्पांच्या बायको ब्राह्मीआक्का म्हणाल्या.

"जाऊ दे! महिना झाला धण्यांचं पाणी ढोसतोय, छातीतली आग हाय तशीच. बोरगावच्या लग्नात सगळ्यांनी मिरचीची भजी हाणली आणि मी ताकावर!"

"बाईंनी धणे रात्री गार पाण्यात भिजवाय सांगितलतं," आक्कांनी आठवण करून दिली.

"आपल्या जैनांत कच्चं पाणी चालतं व्हय, ब्राह्मी?"

"म्हणून तर उकळ म्हणालासा. वर लवकर गुण याया पायजे म्हणून कुकरात चार शिट्ट्या काढाय लावलासा."

वैद्यबाई दारात आल्या. "आप्पा, मग सगळा गुण वाफेवाटे तुमच्या स्वयंपाकघराला लागला. पाणी आधी उकळून निववायचं, मग त्यात धणे भिजवायचे."

"हे तवाच सांगाय काय झालतं?"

"सांगतच होते. तुम्ही 'कळलं, कळलं' म्हणत उठलात."

"म्हंजे सगळी चूक माझीच?"

"मी कुणाचं नाव घेतलं न्हाय," ब्राह्मीआक्का म्हणाल्या.

आप्पा पुन्हा ताडकन उठले. तोंड उघडलं, पण ठसका लागला आणि ते खाली बसले.

"बाई, वरडून घसा सुकला. घोटभर पाणी मिळंल? उकळलेलं."