सैल पट्टा

जनावरांच्या दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही, पण कान बाकाकडेच होते. तिथे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर कुत्रा घेऊन बसला होता. शेजारी मांजराची टोपली घेतलेल्या आजी.

"मागच्या खेपेला याला खांद्यावर टाकून आणलं होतंस ना?"

"आज घरापासून चालत आलाय, आजी. स्वतःच्या पायांनी."

"हा? पट्टा दिसला की फतकल मारायचा."

"एवढाले ट्रक ओढतो मी, पण हा दहा किलोचा गडी इंचभर हलेना. बायको म्हणाली, माझ्याच्यानं आता उचलवत नाही. महिनाअखेरपर्यंत चालला नाही, तर माझ्या भावाकडे पाठवायचा."

"मग दिलास रट्टा?"

"छे. लेकीनं मलाच दम भरला. म्हणाली, बाबा, तुम्ही ओढता म्हणून तो बसतो. तेव्हापासून पट्टा सैल धरतो. तो थांबला की मीही थांबतो. काल एका खांबापाशी वीस मिनिटं उभे होतो दोघं."

"लोक हसले असतील."

"हसू देत की."

"चला, तुमचा नंबर," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचं दार बघून कुत्र्यानं फतकल मारली.

"झालं. उतरला तोरा," आजी म्हणाल्या.

उठलेला ड्रायव्हर परत बाकावर टेकला. "बसू दे त्याला. बाई, कुणाला घाई असेल तर आधी घ्या."

बाईंनी पुढचं नाव घेतलं नाही. बऱ्याच वेळानं कुत्रा उठला, अंग झाडून दाराकडे निघाला. मागोमाग, सैल पट्ट्याचं टोक धरून, ड्रायव्हर.

"बघितलंत ना, आजी? ओढतोय का मी? आता घरी साक्षीला तुम्हीच यायचं."