नऊ पानं आणि एक फुंक

...नाय, तुमीच सांगा, फुंकायला परवानगी लागते? चाळीस वर्षं वीटभट्टीचा धूर माझ्या छातीत शिरला, त्यानं कधी विचारलं नाय! आणि ही विद्यापीठातली सोनाली, टोकावड्याहून चालत आमच्या वाडीत आली, हातात यंत्र, म्हणे, "बाबा, भट्टीवर काम केलेल्यांचा दम मोजायचाय. फुंकाल का? पण आधी कागद ऐका." किती? नऊ पानं! म्हटलं, आण, करतो सही, दुसरी शिकलोय, अंगठेवाला नाय मी. "नाही बाबा, आधी ऐका." ऐकलं!

पाचव्या पानावर आमचा मुकादम सुरेंद्र आला. कोण कुठल्या भट्टीवर जाणार ते तोच ठरवतो, आमी नुसते ट्रकात बसतो. म्हणाला, "म्याडम, वाडीचं हो मी देतो. चला रे, लायनीत फुंका!" आणि उभे राह्यलो ना आमी लायनीत... सवय! पोरीनं यंत्र पिशवीत घातलं. "दादा, तुमचं हो चालणार नाही. ज्याचा दम, त्याचं हो. आमच्या विद्यापीठाच्या समितीचा नियम आहे." मुकादम तणतणत गेला, आणि परत पहिल्या पानापासून!

सातव्या पानावर आमची म्हातारी ठकू चुलीपासून ओरडली, "फुंका की आता! सारखं खोकता, कळू तरी द्या काय झालंय!" तर पोरगी म्हणते, "आजी, घरच्यांचाही जोर नको." परत पहिल्या पानापासून!

त्यात लिवलेलं, कधीबी नाय म्हणा, कारण सांगू नका. म्हटलं, बघू खरं का. म्हणालो, "नाय." ती म्हणाली, "बरं बाबा," आणि उठलीच! तुमाला सांगतो, सत्तर वर्षांत माझं 'नाय' कुणी ऐकलं नव्हतं. मुकादमाला नाय म्हटलं, तरी ट्रक दारात! ती पिशवी आवरेस्तोवर नुसता मजेत बसलो...

मग खोकला आला. सून छाया दिवाळीनंतर माझ्याच भट्टीवर जाणार होती. माझ्या छातीत काय साचलंय ते कळलं, तर तिची तरी वाचेल. हाक मारली, "थांब गो! माझं हो. कुणी सांगितलं म्हणून नाय, माझंच." हसली, बसली, आणि... परत पहिल्या पानापासून!

फुंकलो. दम निम्माच निघाला. पोरगी म्हणाली, "शहापूरच्या डॉक्टरांना दाखवू, औषध आहे यावर. आणि सूनबाईंना पण विचारते, त्यांची इच्छा असेल तर." छाया दारात उभी होती, तिनं आपणहून पाट ओढला.

मी बजावलं, "यातला अर्धा दम तुझ्या कागदानं खाल्ला, ते पण लिव!"

"लिहिते बाबा. पण तुमचं बोलणं लिहायचं, तर त्याचा कागद वेगळा आहे..."

काय करता? बसलो ऐकत.